एका शल्यविशारदाचे मौन

वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत पदव्युत्तर शिक्षण घेत रुग्णसेवा करणाऱ्या तरुण डॉक्टरांना 'निवासी डॉक्टर' असे म्हटले जाते. सलग कितीतरी तासांचे काम, अपुरी झोप, वरिष्ठांचा धाक आणि परीक्षेची टांगती तलवार हे या निवासाचे नित्याचे सोबती. त्यांच्या संपाच्या बातम्या वाचून शहरातील नागरिकांनाही हा शब्द आता परिचयाचा झाला आहे. मात्र शस्त्रक्रियेचे शिक्षण घेणाऱ्या डॉक्टरने रुग्णालयातच राहून वर्षानुवर्षे टप्प्याटप्प्याने जबाबदारी पेलायची, ही पद्धत ज्यांनी घडविली ते विल्यम स्टुअर्ट हॉल्स्टेड स्वतः आयुष्यभर एक गंभीर आजार लपवीत जगले, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. अमेरिकेतील आधुनिक शस्त्रक्रियेचे जनक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. त्यांच्या आजाराचे पूर्ण स्वरूप मात्र मृत्यूनंतर ४७ वर्षांनी जगासमोर आले.

हॉल्स्टेड यांचा जन्म २३ सप्टेंबर १८५२ रोजी न्यूयॉर्क शहरातील एका सधन व्यापारी कुटुंबात झाला. घराण्याचा कापडाच्या घाऊक आयातीचा व्यवसाय होता आणि पैशाची ददात नव्हती. लहानपणी घरीच शिक्षक येत; पुढे निवासी शाळा आणि १८७० मध्ये येल महाविद्यालय, असा त्या वर्गातील मुलांचा ठरलेला मार्ग त्यांनीही चोखाळला. येलमध्ये ते खेळाडू म्हणून गाजले आणि फुटबॉल संघाचे कर्णधार झाले. तेथील ग्रंथालयातून त्यांनी एखादे पुस्तक घरी नेल्याची नोंद मात्र सापडत नाही. महाविद्यालयाच्या अखेरच्या वर्षी शरीररचना आणि शरीरक्रिया या विषयांवरील दोन ग्रंथ त्यांनी विकत घेतले आणि या बेफिकीर तरुणाच्या आयुष्याला निराळे वळण लागले.

१८७४ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्समध्ये प्रवेश घेतला आणि १८७७ मध्ये ते डॉक्टर झाले. बेलव्ह्यू रुग्णालयात उमेदवारी केल्यावर ते न्यूयॉर्क हॉस्पिटलमध्ये आले. तेथे रुग्णाचे तापमान, नाडी आणि श्वसन यांची एकत्रित नोंद आलेखाच्या रूपात ठेवण्याची पद्धत त्यांनी सुरू केली. आजही रुग्णाच्या खाटेपाशी दिसणाऱ्या तक्त्याचे हे पूर्वरूप. याच रुग्णालयात विल्यम वेल्च या विकृतिशास्त्रज्ञाशी त्यांची मैत्री जुळली. ही मैत्री पुढे त्यांचे प्राण आणि प्रतिष्ठा, दोन्ही वाचविणार होती.

१८७८ ते १८८० ही दोन वर्षे त्यांनी युरोपात, मुख्यतः व्हिएन्ना आणि जर्मन विद्यापीठांमध्ये काढली. थिओडोर बिलरोथ यांच्यासारख्या शल्यविशारदांचे काम त्यांनी जवळून पाहिले. जर्मन भाषक देशांत तरुण सहायकांना प्राध्यापकाच्या हाताखाली अनेक वर्षे राबवून तयार केले जाई. अमेरिकेत त्या वेळी असे काही नव्हते. दोन-तीन वर्षे व्याख्याने ऐकून पदवी घेतलेला तरुण दुसऱ्याच दिवसापासून शस्त्र हाती धरू शके. हा फरक हॉल्स्टेड यांच्या मनात घर करून राहिला.

न्यूयॉर्कला परतल्यावरची पहिली काही वर्षे झपाटलेली होती. पाच-सहा रुग्णालयांत ते एकाच वेळी काम करीत, विद्यार्थ्यांच्या शिकवण्या घेत, संध्याकाळी मित्रांच्या मैफलीत रमत. निर्णय घेण्याची त्यांची तडफ विलक्षण होती. १८८१ मध्ये त्यांची बहीण बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाने मरणाच्या दारी पोहोचली, तेव्हा त्यांनी आपलेच रक्त काढून तिला दिले. रक्तगटांचा शोध लागण्यापूर्वीचा तो काळ. पुढच्याच वर्षी आईच्या पित्ताशयात पू झाल्याचे लक्षात येताच रात्री दोन वाजता, घरातील स्वयंपाकघराच्या टेबलावर त्यांनी तिच्यावर शस्त्रक्रिया केली आणि सात खडे काढले. दोघीही बचावल्या. बेलव्ह्यूमधील शस्त्रक्रियागृहाची अस्वच्छता सहन न होऊन त्यांनी देणग्या जमवून रुग्णालयाच्या आवारात शस्त्रक्रियेसाठी निर्जंतुक तंबू उभारला. तिशीतील या डॉक्टरपुढे सारे शहर हात जोडून उभे होते.

सप्टेंबर १८८४ मध्ये व्हिएन्नाचे तरुण नेत्रवैद्य कार्ल कोलर यांचा एक शोध जगभर गाजला. कोकेनचे थेंब डोळ्यात टाकले की डोळा बधिर होतो, आणि रुग्ण जागा असताना त्यावर शस्त्रक्रिया करता येते! क्लोरोफॉर्म आणि ईथरच्या धोक्यांनी धास्तावलेल्या शल्यविशारदांना ही पर्वणीच वाटली. कोकेन त्या वेळी निरुपद्रवी मानले जात होते. थकवा घालविणारे, उत्साह देणारे औषध म्हणून ते सर्रास विकले जाई. मॉर्फिनचे व्यसन सोडविण्यासाठीही त्याची शिफारस होई. सिग्मंड फ्रॉइड यांनी त्याच वर्षी त्याच्या गुणांचा पुरस्कार करणारा निबंध प्रसिद्ध केला होता.

हॉल्स्टेड, त्यांचे सहकारी रिचर्ड हॉल आणि काही तरुण डॉक्टर व विद्यार्थी यांनी कोकेनचे प्रयोग सुरू केले, आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे ते स्वतःवरच केले. चेतातंतूच्या मुख्य शाखेत कोकेन टोचले तर ती शाखा जेथवर पोहोचते तो सारा भाग बधिर होतो, हे त्यांनी एकमेकांना सुया टोचून सिद्ध केले. दातांच्या दवाखान्यात खालच्या जबड्याला भूल देण्यासाठी आज जे इंजेक्शन दिले जाते, त्याचे मूळ १८८४ च्या हिवाळ्यातील या प्रयोगांत आहे. मानवजातीच्या वेदना कमी करणारे हे काम होते, यात शंका नाही.

पण त्याची किंमत प्रयोग करणाऱ्यांनी मोजली. दिवसभराच्या श्रमांनंतर सुईने मिळणारी तरतरी हवीहवीशी झाली आणि काही महिन्यांत ती गरज बनली. त्या गटातील अनेकजण व्यसनाच्या विळख्यात सापडले. काहींची कारकीर्द आणि आयुष्य दोन्ही संपले. हॉल न्यूयॉर्क सोडून कॅलिफोर्नियाला निघून गेले. हॉल्स्टेड रुग्णालयात येईनासे झाले, सभांना गैरहजर राहू लागले. सप्टेंबर १८८५ मध्ये कोकेनच्या भुलेसंबंधीचा त्यांचा एक लेख न्यूयॉर्कच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. इतक्या तल्लख माणसाच्या त्या लेखातील वाक्ये एकमेकांत गुरफटलेली, अर्थहीन होती. लेखक आजारी आहे, हे सांगायला आणखी पुराव्याची गरज नव्हती. तरीही तो लेख छापला गेला.

मदतीला धावले ते वेल्च. हवापालट म्हणून सागरी प्रवासाचा उपाय झाला, तो फसला. मे १८८६ मध्ये हॉल्स्टेड ऱ्होड आयलंडमधील प्रॉव्हिडन्स येथील बटलर या मनोरुग्णालयात दाखल झाले. आडनाव टाळून, आपल्या नावातील पहिले दोन शब्द तेवढे ठेवून ते तेथे विल्यम स्टुअर्ट या नावाने राहिले. मनोरुग्णालयाची पायरी चढलेल्या डॉक्टरकडे पुन्हा कोणी रुग्ण पाठविणार नाही, ही भीती त्या नामांतरामागे होती. त्या काळातील उपचारही असे, की कोकेनची तलफ शमविण्यासाठी मॉर्फिन दिले जाई. सात महिन्यांनी ते बाहेर पडले. पण एका व्यसनाच्या जागी दुसरे येऊन बसले होते.

वेल्च तेव्हा बाल्टिमोरमध्ये नव्या जॉन्स हॉपकिन्स संस्थेची उभारणी करीत होते. त्यांनी मित्राला आपल्याच घरी ठेवून घेतले आणि आपल्या प्रयोगशाळेत काम दिले. तेथे कुत्र्यांच्या आतड्यांवर टाके घालण्याचे प्रयोग करताना हॉल्स्टेड यांच्या लक्षात आले, की आतड्याच्या भिंतीतील श्लेष्मल आवरणाखालचा चिवट थरच टाका धरून ठेवतो. १८८७ च्या वसंतात हार्वर्डमध्ये त्यांनी हे संशोधन मांडले, आणि लगेचच त्यांना पुन्हा बटलरमध्ये दाखल व्हावे लागले. हा दुसरा मुक्काम वर्षाअखेरीपर्यंत चालला. व्यसन हा आजार आहे आणि तो उलटतो, हे आजचे वैद्यकशास्त्र मानते. त्या काळी तो चारित्र्याचा दोष समजला जाई.

मे १८८९ मध्ये जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय उघडले. वेल्च आणि विख्यात वैद्य विल्यम ऑस्लर यांनी हॉल्स्टेड यांच्यावर विश्वास टाकला. पहिल्यांदा तात्पुरती नेमणूक, मग १८९० मध्ये मुख्य शल्यविशारद आणि १८९२ मध्ये शस्त्रक्रियेचे प्राध्यापक, अशा पायऱ्या ते चढत गेले. हा विश्वास त्यांनी अनाठायी ठरू दिला नाही. आंत्रगळ अर्थात हर्नियावरील शस्त्रक्रिया, स्तनाच्या कर्करोगावरील मूलगामी शस्त्रक्रिया, गलग्रंथीवरील काम यांनी त्यांचे नाव जगभर पोहोचविले. स्तनाची ती मूलगामी शस्त्रक्रिया विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मागे पडली. पण ऊती हळुवार हाताळणे, रक्तस्राव काटेकोर थांबविणे आणि टाके ताण न देता घालणे ही त्यांची शिकवण आजही पाठ्यपुस्तकांत आहे.

रबरी हातमोज्यांची गोष्टही याच काळातील. शस्त्रक्रियागृहातील परिचारिका कॅरोलाइन हॅम्प्टन यांच्या हातांना जंतुनाशक पाऱ्याच्या द्रावणामुळे त्वचारोग झाला. हॉल्स्टेड यांनी गुडइयर कंपनीकडून त्यांच्यासाठी पातळ रबराचे हातमोजे बनवून घेतले. जून १८९० मध्ये दोघांचा विवाह झाला. हातमोज्यांनी जंतुसंसर्ग टळतो हे त्यांचे सहायक जोसेफ ब्लडगुड यांनी आकडेवारीनिशी दाखविले ते पुढे १८९९ मध्ये.

बाल्टिमोरचे हॉल्स्टेड मात्र न्यूयॉर्कचे राहिले नव्हते. पूर्वीचा मैफलीत रमणारा, चपळ हाताचा तरुण आता अबोल, अलिप्त आणि संथ झाला होता. एकेका शस्त्रक्रियेला ते कितीतरी तास घेत. विद्यार्थ्यांशी बोलणे तुटक आणि कधी कधी बोचरे असे. त्यांचे शर्ट धुण्यासाठी पॅरिसला पाठविले जात, अशा त्यांच्या विक्षिप्तपणाच्या कहाण्या रुग्णालयात रंगत. मध्येच ते शस्त्रक्रिया सहायकावर सोपवून घरी निघून जात. उन्हाळ्याचे कित्येक महिने उत्तर कॅरोलिनातील डोंगरातल्या आपल्या वाडीवर किंवा युरोपात एकट्याने काढीत. बहुतेक विद्यार्थ्यांना वाटे, की हा प्रतिभावंताचा लहरीपणा आहे.

ऑस्लर यांना मात्र सत्य ठाऊक होते. हॉल्स्टेड यांची कायम नेमणूक होऊन काही महिने लोटतात न लोटतात तोच, एके दिवशी ते थंडीने कुडकुडत असलेले ऑस्लर यांना दिसले. मॉर्फिन वेळेवर न मिळाल्याची ती लक्षणे होती. हॉल्स्टेड यांनी मन मोकळे केले. रोज सुमारे दोनशे मिलिग्रॅमच्या खाली मॉर्फिन आणणे त्यांना त्या काळात कधी साधले नव्हते. पुढे ते प्रमाण बरेच घटले. ऑस्लर यांनी ही हकीकत रुग्णालयाच्या अंतर्गत इतिहासाच्या एका छोट्या, कुलूपबंद वहीत लिहून ठेवली. ती १९६९ मध्ये उजेडात आली आणि कॅनडाचे नामवंत मेंदूशल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड यांनी तिच्या आधारे लेख लिहिला, तेव्हा वैद्यकविश्व हादरले. कारण तोवर हॉल्स्टेड पूर्ण बरे झाल्याची कहाणीच सर्वांनी खरी मानली होती.

या गुपिताच्या छायेतच त्यांनी शल्यशिक्षणाची नवी व्यवस्था रचली. १९०४ मध्ये येल विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानात त्यांनी तिचे स्वरूप मांडले. रुग्णालयात दाखल झालेल्या तरुणाने सुमारे सहा वर्षे सहायक म्हणून आणि दोन वर्षे मुख्य निवासी शल्यविशारद म्हणून काम करायचे. रचना मनोऱ्यासारखी होती. पायथ्याशी अनेक, शिखरावर एकच. कोण किती वर्षे राहील, कोण गळेल, हे प्राध्यापक ठरविणार. राहायचे रुग्णालयातच, आणि लग्न न करता. ३३ वर्षांत त्यांच्या हाताखालून अवघे १७ मुख्य निवासी तयार झाले. मेंदूच्या शस्त्रक्रियेचे प्रवर्तक हार्वे कुशिंग त्यांच्यापैकीच एक. या शिष्यांनी आणि त्यांच्या शिष्यांनी हा साचा अमेरिकेभर नेला आणि तेथून तो जगात पसरला.

कोकेनच्या धुंदीत झोपेविना राबणाऱ्या हॉल्स्टेड यांनी आपल्या शिष्यांवर तोच दिनक्रम लादला, असे पुष्कळदा लिहिले जाते. ही मांडणी आकर्षक असली तरी कालक्रमात बसत नाही. निवासी पद्धत आकाराला आली तेव्हा ते मॉर्फिनवर होते, आणि त्यांचा स्वतःचा दिवस संथ व विरामांनी भरलेला होता. दीर्घ उमेदवारीची कल्पना त्यांनी जर्मनीतून आणली होती. त्यांचे आयुष्य या व्यवस्थेशी जोडले जाते ते दुसऱ्याच धाग्याने. डॉक्टरने थकू नये, चुकू नये, आजारी पडू नये, आणि पडलाच तर कोणाला कळू देऊ नये, हा जो अलिखित नियम त्या व्यवस्थेत मुरला, त्याचे पहिले बळी तिचे निर्मातेच होते. त्यांना समजूतदार मित्र लाभले, निवांत उपचारांसाठी पैसा आणि वेळ लाभला, परत येण्यासाठी जागा राखून ठेवली गेली. हे सारे गुप्ततेच्या पडद्याआड घडले, म्हणून त्याचा लाभ त्यांच्यापुरताच राहिला. न्यूयॉर्कच्या त्या गटातील इतरांना वेल्च भेटले नाहीत. शिवाय रुग्णांच्या सुरक्षिततेचा प्रश्न मित्रांच्या खासगी पारखीवर सोडला गेला, हेही नजरेआड करता येत नाही.

१९१९ मध्ये पित्ताशयाच्या विकाराने हॉल्स्टेड यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. आईला ज्या रोगातून त्यांनी वाचविले होते, त्यानेच त्यांना गाठले. १९२२ मध्ये तो पुन्हा उफाळला, तेव्हा त्यांच्याच शिष्यांनी त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. त्यानंतरच्या गुंतागुंतीतून ते सावरले नाहीत. ७ सप्टेंबर १९२२ रोजी बाल्टिमोरमध्ये त्यांचे निधन झाले. काही आठवड्यांतच कॅरोलाइनही गेल्या.

त्यांनी पाळलेले मौन सुटायला बराच काळ जावा लागला. डॉक्टरांमधील मानसिक विकार, मद्यासक्ती आणि अमली द्रव्यांचे व्यसन हा व्यवसायाने उघडपणे हाताळण्याचा प्रश्न आहे, हे अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या मानसिक आरोग्यविषयक परिषदेने १९७३ मध्ये एका अहवालात मांडले. त्यानंतर आजारी डॉक्टरांवर उपचार करून, देखरेखीखाली त्यांना पुन्हा कामावर आणणारे कार्यक्रम तेथील राज्याराज्यांत उभे राहिले. वेल्च यांनी एका मित्रासाठी केले ते आता संस्थेने सर्वांसाठी करायचे होते. मार्च १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात लिबी झायन ही अठरा वर्षांची विद्यार्थिनी दगावली. तिच्या मृत्यूचे कारण वादग्रस्त राहिले, पण तिच्या पत्रकार वडिलांनी शिकाऊ डॉक्टरांच्या अखंड कामाच्या तासांवर बोट ठेवले. न्यूयॉर्क राज्याने १९८९ मध्ये निवासी डॉक्टरांचे काम आठवड्याला ८० तासांपर्यंत मर्यादित केले आणि २००३ मध्ये ती मर्यादा देशभरच्या प्रशिक्षणसंस्थांना लागू झाली.

भारतात केंद्र सरकारच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेत कामाच्या तासांची मर्यादा नमूद होती. प्रत्यक्षात ती बहुधा कागदावरच राहिली. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी नेमलेल्या कृतिदलाचा अहवाल २०२४ मध्ये आला. त्यासाठीच्या ऑनलाइन पाहणीत पदवीच्या २७.८ टक्के आणि पदव्युत्तर वर्गांतील १५.३ टक्के विद्यार्थ्यांनी आपल्याला मानसिक विकाराचे निदान झाल्याचे नोंदविले. निवासी डॉक्टरांना आठवड्याला ७४ तासांहून अधिक काम नको, एक दिवस सुटी हवी, आणि समुपदेशन गोपनीय व सहज मिळणारे हवे, अशा शिफारशी कृतिदलाने केल्या. ज्या विद्यार्थ्याला निदान झाले त्याने निदान कोणापाशी तरी मन मोकळे केले होते. ज्यांनी ते केलेच नाही, त्यांची गणना अशा पाहणीत होत नाही.

जॉन्स हॉपकिन्सच्या वैद्यकीय शाळेत जॉन सिंगर सार्जंट या चित्रकाराने रंगविलेले एक भव्य चित्र आहे. वेल्च, हॉल्स्टेड, ऑस्लर आणि हॉवर्ड केली हे संस्थेचे चार आद्य डॉक्टर त्यात एकत्र दिसतात. त्यांपैकी हॉल्स्टेड मागच्या बाजूला, काहीशा अंधारात उभे आहेत. त्या चौघांपैकी निदान दोघांना त्यांच्या आजाराची कल्पना होती, आणि ते दोघेही त्यांच्या पाठीशी उभे राहिले. एका प्रतिभावंताला मिळालेला हा आधार आजच्या वॉर्डात रात्रपाळी करणाऱ्या निनावी तरुण डॉक्टरला नाव न लपविता, नोकरीची आणि पदवीची धास्ती न बाळगता मिळेल, तेव्हाच हॉल्स्टेड यांनी सुरू केलेले शिक्षण पुरे झाले असे म्हणता येईल.